अकरा पाड्यांचा बाण

बाण परत आला तेव्हा आमशा गुरुजी पोरांना सातचा पाढा शिकवत होते.

नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. तरी सकाळी अंगणातल्या आंब्याखाली पाच-सहा पोरं गोळा झाल्याशिवाय त्यांना दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. पाढा कोरडा पाठ करायचा नाही, हा त्यांचा दंडक. मोहाच्या बियांचे सात-सात ढीग करायचे, हातानं मोजायचे आणि मग तोंडानं म्हणायचं. चुकलं तर पुन्हा ढीग करायचा. घाई कुणालाच नव्हती.

"साती सक?"

"बेचाळीस!"

तेवढ्यात घाटपाड्याचा म्हातारा पायवाटेनं वर आला. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. त्यानं राम राम केला नाही. गमछ्यात गुंडाळलेली लांब वस्तू ओट्यावर ठेवली, माठातलं पाणी घटाघटा प्यायला आणि कुणाच्या डोळ्यात न बघता आल्या वाटेनं उतरून गेला.

गुरुजींनी गमछा सोडला.

बाण जुना होता. पातं घरच्या भट्टीत ठोकलेलं, मोरपीस किडीनं खाल्लेलं, आणि शेपटीकडे तांब्याच्या तारेचे चार वेढे. तो वेढा त्यांनी ओळखला. त्यांच्या बापाचा, नुरजीचा बाण. सव्वीस वर्षं तो गावाबाहेर नुरजीच्या स्मारकाच्या दगडापुढच्या फरशीखाली होता. त्यांनी स्वतःच्या हातानं ठेवला होता.

दांड्यावर पळसाच्या मुळीचे दोरे बांधलेले होते. काजल पुढं सरकली. आठ वर्षांची पोर, दिसेल ते मोजणारी.

"अकरा," ती म्हणाली. "आपला धरला तर बारा. गुरुजी, वेस्तादादापण मोजत होता काल. नाल्यापाशी."

बाकीच्या पोरांनी हातातल्या बिया खाली ठेवल्या.

वेस्ता मरून नऊ दिवस झाले होते. आमशांच्या वारलेल्या धाकट्या भावाचा धाकटा मुलगा. शहाद्याच्या खाली उसाच्या मळ्यात कामाला होता. मोटारीची केबल चोरली म्हणून मळेवाल्याच्या पोरांनी त्याला बांधून मारलं, आणि मग तो विहिरीत सापडला. पळताना पडला, असं त्यांचं म्हणणं.

कुठल्याही पोराला खोटं बोलतोस असं आमशांनी चाळीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. आताही म्हणाले नाहीत.

"किती वेळ उभा होता?"

काजलनं विचार केला. "सातचा पाढा म्हणून होईल एवढा. ओला होता, गुरुजी. ऊन होतं तरी."

"बरं," ते म्हणाले. "आज सुट्टी. बिया डब्यात भरून ठेवा."

पोरं पळाली नाहीत. हळूहळू, एकमेकांना धरून गेली.

बाण फिरवायची रीत त्या डोंगरात सगळ्यांना ठाऊक होती, पण हयात माणसांपैकी ती फार थोड्यांनी पाहिली होती. पाड्यात बाण आला की कुणी धाडला ते विचारायचं नाही. आपला दोरा बांधायचा आणि सूर्य मावळायच्या आत पुढच्या पाड्याला पोचता करायचा. दोरा म्हणजे आम्ही येतो. फिरून तो ज्या घरी परत येईल त्या घरचा वडीलधारा पुढं चालतो, आणि त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. आमशा सहा वर्षांचे असताना तो एकदा फिरला होता. तेव्हा नुरजी पुढं चालला होता. खालच्या गावातली दोन माणसं मेली, आपली चार. नुरजी नऊ वर्षं तुरुंगात होता. सुटून आल्यावर तोच नुरजी जमिनीसाठी कचेरीच्या पायऱ्यांवर बारा दिवस उपाशी बसला. आपण आधी तसं का केलं आणि मग असं का केलं, हे तो मरेपर्यंत बोलला नाही. त्यामुळे घरातल्या प्रत्येक भांडणात दोन्ही बाजू त्यालाच साक्षीला काढत.

ऊन तापत होतं. बाण हातात घेतला तर थंड होता. ओला नव्हे, थंड.

*

बाण फिरतोय हे कळताच वेस्ताची बहीण आशा शहाद्याहून पहिल्या गाडीनं निघाली आणि पायथ्यापासून जीपनं वर आली, तर आईच्या घरापुढं पन्नास-साठ माणसं बसली होती. कुणी बोलत नव्हतं. एवढी माणसं आणि एकही बिडी पेटलेली नाही, हे तिच्या आधी लक्षात आलं. मग कुत्री. पाड्यातली सगळी कुत्री कुडाच्या सावलीला पोटं टेकून पडली होती, आणि परक्या माणसांवर एकही भुंकत नव्हतं.

उंबऱ्याशी पानाच्या द्रोणात मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ होती. वेस्ताचा वाटा. आई, रूपलीबाई, तो रोज मांडत होती.

"मुंगीसुद्धा लागत नाही," रूपलीबाई म्हणाली. ती द्रोणाकडेच बघत होती. "नऊ दिवस. बघ ना तू. गुळाचा खडा ठेवून पाहिला. बाजूनं रांग जाते, वळसा घालून."

आशा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. मुंग्यांबद्दल तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती भावाला शोधायला मागं गेली. अजित बांबूच्या ढिगावर बसून धनुष्याची कामटी तपासत होता.

"तू धाडलास, दादा?"

"विचारायचं नसतं."

"मला विचारायला शिकवलंय. म्हणून विचारते."

"वेस्त्याची शपथ, मी नाही." त्यानं कामटी वाकवून सोडली. "पण ज्यानं धाडला त्याचे पाय धुवून पिईन. मला वाटलं काका. मग म्हटलं, काका? काका बाण धाडेल तर सूर्य तापीत उगवेल."

"सोमवारी तारीख आहे."

"तारीख सोमवारीच असते."

"ऐक तरी. त्या मळ्यावरचा सालदार, भटू, तो तिथंच होता. तीन वेळा गेले, तीन वेळा माझ्या तोंडावर दार लावलं. चौथ्यांदा नुसता रडला, दार नाही लावलं. मला चार दिवस दे. आज तुम्ही खाली गेलात तर तो एक शब्द बोलणार नाही. वेस्त्याचा खटला संपेल आणि तुझा सुरू होईल."

"रडण्याची नोंद होते का गं कोर्टात?"

तिला राग आला, कारण उत्तर 'नाही' असंच होतं.

आमशा गुरुजी आले तेव्हा माणसांनी वाट करून दिली. त्यांनी बाण घोंगडीवर ठेवला. अजित समोर उभा राहिला. अजित लहान होता तेव्हा याच काकाच्या खांद्यावर बसून मोर्चाला जायचा. आता दोघांच्या मधे फक्त तो बाण होता.

"काका, कचेरीसमोर आठ दिवस बसलास. काय मिळालं?"

"पोच मिळाली."

"कसली?"

"अर्जाची. शिक्का मारलेली."

दोन-चार माणसं हसली आणि लगेच गप्प झाली. गुरुजींनाही थोडं हसू आलं होतं, तेही गेलं.

"वेस्त्या तीन हंगाम त्या मळ्यात होता," अजित म्हणाला. "त्यांच्या केळीचे घड यानं वाहिले. पण मारताना काय म्हणत होते? 'भिलटं चोरच.' नाव नाही घेतलं. तीन हंगामात कुणी त्याचं नाव विचारलं नव्हतं. उद्या माझ्या अंगणात कुत्रं मेलं तरी मी विचारीन, कुणाचं रे हे. तू त्यांना समजावणार आहेस? पाढ्यासारखं? सात-सातचे ढीग करून?"

"त्यातली दोन माणसं तू मारलीस," गुरुजी शांतपणे म्हणाले, "तर परवाच्या पेपरात काय येईल? वेस्त्याचं नाव येईल?"

"आत्ता येतंय?"

गुरुजींनी घोंगडीवरचा बाण सरळ केला.

"आजानं बाण उचलला म्हणून ही जमीन राहिली," अजित म्हणाला.

"आजा बसला म्हणून तिचा कागद झाला."

"आधी उचलला, काका. आधी."

तेव्हा कोपऱ्यातून बडवा, पाड्याचा भगत, म्हणाला, "कुणी धाडला ते आधी बघू. रीत मोडेल, पण बघू. मला हे ठीक वाटत नाही." बडव्याला पाड्यात कुणी अडवत नसे. त्यानं सूप मागवलं, त्यात ज्वारीचे दाणे पसरले आणि डोळे मिटून चिमूट उचलली. नुरजीचं नाव घेतलं, दोन-दोन दाणे बाजूला सारले. शेवटी एक उरला. म्हणजे नाही. वेस्ताचं नाव घेतलं. एक उरला. पुन्हा चिमूट. पुन्हा एक. मग त्यानं जिवंत माणूस म्हणून दाणे टाकले. जोड्या जुळल्या.

माणसांनी श्वास सोडला. बडव्यानं सोडला नाही. तो सुपाकडे बघत राहिला.

"हात जिवंत आहे," तो म्हणाला. "पण मला ओळखू येत नाही. असा हात या बाणाला कधी लागलाच नव्हता."

*

रूपलीबाई उंबऱ्यावरून उठली. तिला वाटलं होतं आपण घाबरू. पण नऊ दिवसांत भीतीची जागा दुसऱ्याच कशानं तरी भरून गेली होती.

"मी धाडला," ती म्हणाली.

कुणालाच आधी कळलं नाही. मग कळलं. एक म्हातारा उभा राहिला. "बाईचा हात लागला की बाण मरतो!"

"अकरा पाड्यांत फिरून आला," ती म्हणाली. "मेलेला होता तर तुम्ही दोरे कशाला बांधले?"

म्हातारा उभाच राहिला. बसावं की जावं हे त्याला ठरवता येईना.

"याहा," अजित म्हणाला. आईला त्यांच्या बोलीत याहा म्हणत. लहानपणानंतर एवढ्या हळू आवाजात त्यानं तिला हाक मारली नव्हती. "तू? तू बोलावलंस सगळ्यांना लढायला—"

"मी लढायला नाही बोलावलं. बाण म्हणजे लढाई हे तुम्ही धरलं. आजपर्यंत पुरुषांनीच तो धाडला, आणि पुरुषांना दुसरं काही हवंच नव्हतं. मला माणसं हवी होती." ती आमशांकडे वळली. थोरल्या दिराचं नाव ती घेत नसे, पाड्यासारखी तीही गुरुजीच म्हणे. "गुरुजी, तुम्ही आठ दिवस बसलात. हा आठ दिवस कामट्या घासत बसला. दोघंही वेस्त्यासाठी. आणि वेस्त्या तिथं पाण्यात उभा आहे. त्याला आणायला कोण गेलं?"

आशानं मनात नऊ दिवस मोजले. खरंच कुणी गेलं नव्हतं. पाण्यात मेलेल्याला पाण्यापाशी जाऊन हाक मारायची, तिथला एक दगड फडक्यात बांधून घरी आणायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हाक दिल्याशिवाय तो पाण्याकाठीच फिरत राहतो, त्याला घराची वाट दिसत नाही. मातीत पुरलेलं होतं ते नुसतं शरीर.

"मी गेले होते मंगळवारी," रूपलीबाई म्हणाली. "एकटी. बांधावरूनच हाकललं. म्हातारी काय चोरायला आली म्हणाले. दगड उचलला तो हातातून पाडला. तेव्हा त्याचा आवाज आला मला, विहिरीतून. हाक नव्हती. थंडी वाजल्यासारखा. मी घरी आले, आजाच्या दगडापाशी गेले, फरशी सरकवली. पहाटे पाणी भरायला जाताना पहिल्या पाड्याच्या दारात ठेवला." ती थोडं थांबली. "एक बाई हाकलता येते. अकरा पाडे हाकलायला त्यांना किती काठ्या लागतील ते बघू दे."

मग गुरुजी उठले आणि त्यांनी बाण उचलला.

"माझ्या दारात आलाय. मी पुढं चालतो."

"म्हणजे तू वाटेत बसलास की सगळे बसणार," अजित कडवट हसला. "ओलांडायचं नाही ना. हुशार आहेस, काका."

"हो."

"धनुष्यं घरी ठेवायची म्हणशील आता."

"घ्या बरोबर. ज्याला हवं त्यानं घ्या." सगळे चकित झाले. गुरुजींच्या तोंडून असं कुणी ऐकलं नव्हतं. "तुझ्या आईला मंगळवारी हाकललं ते मला माहीत नव्हतं. ती तिथं असताना मी कचेरीसमोर सतरंजीवर बसलो होतो. तू बरोबर आहेस असं मी म्हणत नाही. पण मी बरोबर आहे असंही आज छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. मला भीती वाटते, अजित. तू धनुष्य ताणशील त्याची वाटते, आणि तू ताणलं नाहीस आणि त्यांनी तिला पुन्हा हाकललं, त्याचीही वाटते."

अजितनं धनुष्य उचललं. तो काकाच्या मागं जाऊन उभा राहिला.

*

पिकअप गाड्या कालव्यापाशीच थांबवल्या आणि पुढं सगळे चालत निघाले. तीनशे माणसं तरी होती. ढोल नाही, घोषणा नाही. दुपार कलली होती.

अजित मोर्चांना गेला होता आणि मारामाऱ्याही त्यानं पाहिल्या होत्या. असलं काही पाहिलं नव्हतं. दोन्ही बाजूंना ऊस, मधे धुळीची वाट, आणि तीनशे माणसांच्या पावलांचा आवाज नाही. सकाळपासून कुणी कुणाला गप्प रहा म्हटलेलं नव्हतं. शेताशेतातल्या मोटारी चालू होत्या. रांग जवळ आली की मोटार बंद पडायची. कुणीतरी बटण दाबत असणार, पण माणूस दिसत नव्हता. एकेक मोटार अशी थांबत गेली आणि शेवटी फक्त उसाची पानं वाजत राहिली. वारा नव्हता तरी वाजत होती. त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. रांग होती त्यापेक्षा लांब वाटली. शेवटची माणसं उन्हात नीट दिसत नव्हती. त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

मळ्याच्या बांधावर मळेवाले उमाकांत आप्पा उभे होते. पांढरा सदरा, हातात मोबाईल. मागं दोन्ही मुलं, धाकट्याच्या हातात पहार.

"एवढा लोक कसाले उनात रे? काय पायजे तुम्हले?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"विहिरीपाशी जायचंय," आमशा गुरुजी शाळेतल्या मराठीत म्हणाले. "आईला मुलाला हाक मारायचीय. दुसरं काही नको."

"मन्हा वावर शे हाई. पाय ठेवानं काम नही. पोलिसले फोन करेल शे मी."

"आम्हीही केलाय. येतीलच."

आप्पांनी मोबाईल दुसऱ्या हातात घेतला. गुरुजी बांधाखाली मातीत बसले. त्यांच्या मागं रांग बसत गेली, वाऱ्यानं पीक आडवं व्हावं तशी, शेवटपर्यंत. अजित बसला नाही. पण काकाच्या पुढंही त्याला जाता येत नव्हतं. तो तिथंच उभा राहिला आणि त्याच्याबरोबर धनुष्यवाली तीसेक माणसं.

आणि मग आई उठली. गुरुजींच्या बाजूनं गेली, त्यांना ओलांडून बांधावर चढली. रीत तिच्यासाठी केलेलीच नव्हती, ती मोडली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

धाकट्यानं पहार उचलली.

अजितचा बाण दोरीला कधी लागला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. दोरी कानापर्यंत आली होती.

"अजित," गुरुजी मागं न बघता म्हणाले.

"माझं नाव नको घेऊ आता, काका."

गुरुजींनी पुन्हा घेतलं नाही. ते बसूनच राहिले, त्याच्या बाणाच्या रेषेखाली, त्याच्याकडे पाठ करून. बाण सुटला असता तर त्यांच्या डोक्यावरून, त्यांना ओलांडून गेला असता; ते बाजूला झाले असते तर अजितला रोखणारं काही उरलं नसतं. ते हलले नाहीत. हे त्यांनी जाणूनबुजून केलं की त्यांना उठताच आलं नाही, हे अजितनं पुढं कधी विचारलं नाही.

रूपलीबाई पहारीखालून गेली. वर बघितलंसुद्धा नाही. विहिरीच्या काठावर बसली, जसं कुणी नदीवर भांडी घासायला बसतं तसं, आणि आत वाकली.

"वेस्त्या. ए वेस्त्या. चाल घरी."

आवाज मोठा नव्हता. जेवायला बोलवावं एवढाच.

"वेस्त्या. भाकरी गार झाली. चाल."

उसाची पानं वाजायची थांबली. दोरी ताणणं सोपं असतं, धरून ठेवणं अवघड. अजितचा दंड पेटल्यासारखा झाला होता. आप्पांचा मोबाईल वाजला, त्यांनी उचलला नाही.

"वेस्त्या."

तिसरी हाक गेली. त्यानंतर जे शांत झालं त्याला शांतता म्हणता येत नव्हतं. कुणीतरी कान देऊन ऐकतंय, तसं होतं ते. तीनशे माणसं बसलेली, एकाचंही पोर रडलं नाही.

मोटारीच्या खोपटातून कुणीतरी बाहेर आलं. पन्नाशीचा माणूस, बंडी घातलेला, दोन्ही हात कानांवर. चार पावलं टाकली आणि गुडघ्यांवर बसला.

"जित्ता व्हता," भटू सालदार म्हणाला. "विहिरमा टाकं तवय जित्ता व्हता तो. मी दखं, आप्पा. हात वर करी ऱ्हायंता. मी दखं!"

पहार खाली पडली. ती मातीत पडली तरी तिचा आवाज फार मोठा वाटला.

आई उठली. फडक्यात दगड बांधला होता. ती परत आली, मुलाच्या ताणलेल्या धनुष्यासमोरून, आणि अजितनं वाट देण्यासाठी हात खाली घेतला.

*

चौकीच्या ओसरीवर भटूचा जबाब लिहून व्हायला दीड तास लागला. आप्पांची दोन्ही मुलं आत होती. अजितचं नावही वहीत गेलं, शस्त्र रोखल्याबद्दल. त्यानं सही केली आणि बाहेर येऊन आमशांच्या शेजारी पायरीवर बसला.

"बसलो म्हणून झालं असं म्हणशील," तो म्हणाला.

"बसलो म्हणून कुणी मेलं नाही, एवढं म्हणतो."

"धनुष्य नसतं तर त्यानं पहार घातली असती."

"असेल."

"तो बोलला ते बाण बघून बोलला, काका."

"मला वाटतं तीनशे माणसं गप्प बसलेली बघून."

दोघांनाही राग नव्हता. दमलेल्या माणसांचं भांडण होतं ते, सवयीचं. पण आशाला राहवलं नाही. भटू ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. गावात त्याला आता परत जाता येणार नव्हतं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं. बायको माहेरी शहाद्याला होती. मळ्यावरची खोली, साल, सगळं गेलं.

ती त्याच्यापुढं उकिडवी बसली. "भटूभाऊ, जबाबात नाही लिहीत. मला नुसतं सांगा. चार वेळा मी आले, बोलला नाहीत. आज कशानं बोललात? धनुष्यं दिसली म्हणून?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"लोक बसले होते म्हणून?"

पुन्हा मान हलवली. तो तिच्याकडे असा बघत राहिला, जणू तीच काहीतरी लपवते आहे.

"तिसरी हाक मारी मायनी," तो म्हणाला. "आनि त्यानी ओ दिन्ही. तुमले ऐकू नही उनं?"

आशानं मागं पाहिलं. काका आणि दादा दोघांनीही भटूचं बोलणं ऐकलं होतं. दोघंही पायरीकडे बघत होते.

"नाही," ती म्हणाली.

"बठास्नी ऐकं अशीन," भटू सगळ्या माणसांकडे हात करत म्हणाला. "मी म्हनं बठास्नी ऐकं."

ऊन उतरलं होतं. पिकअप चौकीपुढं येऊन उभी राहिली. हौद्यात माणसं खच्चून भरली, काही फळीवर बसली, काही मागं लोंबकळली. भटूला बरोबर न्यायचं गुरुजींनीच ठरवलं. पाड्यातल्या माणसांना ते आवडलं नव्हतं, पण कुणी अडवलं नाही. तो शेवटी चढला आणि दांडा धरून उभा राहिला.

एवढ्या गर्दीत रूपलीबाईच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती. ती ठेवा असं कुणी म्हटलं नव्हतं. गाडी खड्ड्यात गेली, सगळे एकमेकांवर आपटले, पण त्या जागेत कुणी सरकलं नाही.

"बस ना," अजित भटूला म्हणाला. आवाजात अढी होती, पण म्हणाला. "जागा आहे की. घाट लांब आहे."

भटू त्या जागेकडे बघत होता. त्याची बोटं दांड्यावर पांढरी पडली होती.

"तठे कोनी बठेल शे," तो म्हणाला.

हौद्यात कुणी कुणाकडे पाहिलं नाही. गाडी घाटाला लागली. रूपलीबाईनं मांडीवरचं फडकं नीट केलं, थोडी बाजूला झाली आणि मोकळ्या जागेकडे वळून, घरात म्हणावं तशी म्हणाली,

"वेस्त्या, सरक जरा. पाहुण्याला बसू दे."